कादंबरी वाचताना मी काय शोधते

(भेस्तान, सुरत येथे शिक्षक, विद्यार्थी आणि वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला कळवलेला विषय 'आधुनिक मराठी कादंबरी' असा होता. त्यात 'एका वाचकाची मते' एवढी भर घालू द्या, अशी विनंती मी संयोजकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. कादंबरीचा इतिहास पाऊण तासात सांगायचा म्हटलं की त्याची यादी होते आणि याद्या तुम्हाला कोणत्याही गाइडात मिळतात. दुसरं कारण थोडं व्यक्तिगत आहे. ज्यांनी साहित्यात पीएच.डी. केली आहे त्यांना ठाऊक असेल की प्रबंधात 'आवडली' हा शब्द चालत नाही. तिथे 'लक्षणीय' लिहावं लागतं. 'कंटाळा आला' असंही म्हणता येत नाही, 'पुनरुक्तीचा दोष संभवतो' असं म्हणावं लागतं. आज मी आवडली, आवडली नाही, कंटाळा आला हे शब्द मोकळेपणाने वापरणार आहे. अट एकच आहे आणि ती मी स्वतःलाच घातली आहे. मत दिलं की कारणही द्यायचं. कारण नसलेलं मत म्हणजे चहाच्या टपरीवरची गप्पा. त्याही मला आवडतात, पण त्यांच्यासाठी सभा भरवावी लागत नाही.

कादंबरी हातात घेतली की मी दोन प्रश्न विचारते. पहिला, या कादंबरीतली माणसं पोट कशावर भरतात हे लेखकाला ठाऊक आहे का? दुसरा, ती घरात कोणत्या भाषेत बोलतात हे त्याने ऐकलं आहे का? हे प्रश्न मी सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकातून घेतलेले नाहीत. ते या वस्तीने मला दिले आहेत. पांडेसरा आणि सचिन या दोन औद्योगिक वसाहतींच्या मधोमध आपण राहतो. इथे माणसाची ओळख विचारताना 'कोणत्या गावचे' आणि 'कोणत्या खात्यात' असे दोन प्रश्न जोडीने येतात. खातं म्हणजे सांचाखातं, लूमचा कारखाना. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती, लूमवर हिंदी असा आपल्या मुलांचा दिवस चार भाषांतून जातो. अशा ठिकाणी बसून कादंबरी वाचणाऱ्याला पोटाचा आणि जिभेचा प्रश्न आधी सुचला, तर त्यात नवल नाही.

या दोन्ही प्रश्नांना माझ्या मते सगळ्यांत पूर्ण उत्तर देणारी मराठी कादंबरी म्हणजे उद्धव शेळके यांची 'धग'. ती १९६० साली आली. वऱ्हाडातलं एक शिंपी कुटुंब आहे. नवरा महादेव, बायको कौतिक, मुलंबाळं. महादेवच्या हातून धंदा होत नाही आणि घर कौतिकच्या कष्टांवर उभं राहतं. एवढीच गोष्ट. पण शेळक्यांना मजुरीचा हिशेब माहीत आहे. कोणत्या कामाला बाई जाते, किती दिवस काम मिळतं, उधारी कुठे थांबते, पीठ संपलं की शेजारी कोणाच्या दारात जाता येतं आणि कोणाच्या नाही, हे त्यांना अंगावर घेतल्यासारखं माहीत आहे. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि माणसं वऱ्हाडी बोलतात. दोन्ही भाषा एकमेकींना धक्का न लावता शेजारी नांदतात.

वर्गात मी 'धग'मधली काही पानं मोठ्याने वाचून दाखवते. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, कौतिकला दिवसाचे किती मिळत असतील?" तिची आई घरी साड्यांना टिकल्या आणि लेस लावते, नगावर पैसे मिळतात. एरवी कादंबरीवर विचारले जाणारे प्रश्न मला पाठ आहेत, 'व्यक्तिरेखा स्पष्ट करा', 'शीर्षकाची समर्पकता सांगा'. हा प्रश्न कोणत्याच प्रश्नपत्रिकेत नव्हता आणि तोच खरा वाचकाचा प्रश्न होता. त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या घरातल्या नगाचा, मीटरचा आणि पाळीचा दर सांगितला आणि मग आम्ही पुन्हा कौतिककडे आलो. 'धग'मध्ये एक उणीव मला जाणवते. शेवटाकडे दुःखावर दुःख असं येत जातं की वाचकाला श्वास घ्यायला उसंत राहत नाही. आयुष्य असं असतं, हे मान्य. पण इतकं सोसणारी कौतिक एखाद्या दुपारी हसतही असेल, ते हसू आणखी थोडं मिळायला हवं होतं असं मला वाटतं.

आता 'कोसला'. हिच्याबद्दल मत दिल्याशिवाय मराठीच्या शिक्षकाची सुटका नाही आणि आपण तर खानदेशातले. सांगवीचा पांडुरंग सांगवीकर आपल्या शेजारच्या गावचा. १९६३ साली आलेली ही कादंबरी मला आवडते, ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे मनीच्या मृत्यूची पानं. धाकटी बहीण गेल्यावर पांडुरंगचा जो काही आकांत होतो, त्यात लेखकाने एकही सुबक वाक्य येऊ दिलेलं नाही. शोक सुबक नसतो हे त्या पानांना कळलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बाप आणि मुलगा यांच्यातला पैशाचा व्यवहार. पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, उडवतो, नापास होतो, परत येतो, आणि हे सगळं बापाच्या पैशावर चाललेलं असतं.

आपल्या इथली मुलं नेमकी याच जागी अडतात. ज्याचा मोठा भाऊ बारा तासांची पाळी करून याची फी भरतो, त्याला पांडुरंगचं उदास होणं परवडण्यासारखं वाटत नाही. 'वडिलांनी पैसे पाठवले नसते तर हा काय करता?' असा प्रश्न वर्षाआड कोणीतरी विचारतंच. मी त्यांना सांगते की हा प्रश्न कादंबरीच्या विरुद्ध जात नाही, तो कादंबरीच्या आतलाच आहे. नेमाड्यांना बापाचा पैसा दिसतो, पांडुरंगलाही तो टोचतो. दिसत नाही तो 'कोसला'ची नक्कल करणाऱ्यांना. गेल्या साठ वर्षांत खेड्यातून शहरात आलेल्या, सगळ्या जगाची टिंगल करणाऱ्या, खोली भाड्याने घेऊन खिन्न होणाऱ्या तरुणांच्या कादंबऱ्या ढिगाने आल्या. त्यांतल्या बऱ्याच मी वाचल्या आणि मला कंटाळा आला. त्या तरुणांना खोलीभाडं कोण पाठवतं, हे बहुतेकांत लिहिलेलंच नसतं.

नेमाड्यांच्याच 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ'बद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. २०१० साली ती आली तेव्हा मी ती रात्री जागून वाचली. मोरगाव, तिथली शेती, नात्यातल्या बायका, फिरत्या जमाती ही पानं मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. गावगाड्याची एवढी आठवण एका पुस्तकात साठवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. पण खंडेराव बोलायला लागला की मला वाटतं, याला सगळंच कसं माहीत? माणूस कादंबरीत शिरताना थोडा अडाणी असावा लागतो. काही गोष्टी त्याला वाचकाबरोबर कळायला हव्यात. खंडेराव येतानाच निष्कर्ष घेऊन येतो. ज्ञानपीठाने नेमाड्यांचा गौरव झाला याचा खानदेशी म्हणून मला आनंद आहे. त्या आनंदाने माझं हे मत मात्र बदलत नाही.

शेतीच्या कादंबऱ्यांकडे येते. सदानंद देशमुखांची 'बारोमास' २००२ ची, तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ आणि आतबट्ट्याची शेती. बियाणं, खत, कर्ज, बाजारभाव यांचा जो चक्रव्यूह आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी पाहिला, तो इथे तपशिलाने येतो. मला ही कादंबरी मोठी वाटते, कारण ती शेतकऱ्याला बिचारा करत नाही. घरातली भांडणं, शिकलेल्या सुनेची निराशा, आईचा कडवटपणा हे सगळं ती तसंच ठेवते. मात्र एक विचार दर वेळी मनात येतो. 'बारोमास' जिथे संपते तिथून आपल्या गल्ल्या सुरू होतात. शेती हरलेला माणूस एक दिवस अमळनेर, दोंडाईचा किंवा नंदुरबारला गाडीत बसतो, नवापूरला अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं ते स्टेशन मागे टाकतो आणि उधन्याला उतरतो. त्याचं पुढे काय झालं, हे मराठी कादंबरीने विचारलेलं नाही.

विस्थापितांचंही असंच. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांची ही कहाणी संतापाने लिहिली आहे आणि संतापामागे भरपूर अभ्यास आहे. सरकारी कागद कसा फिरतो, भूसंपादनाचा पैसा कुठे झिरपतो, हे तिच्याइतकं कोणी सांगितलं नाही. मला ती महत्त्वाची वाटते, पण तिच्यातली वाईट माणसं पहिल्या भेटीतच वाईट असतात आणि पुढे वाचकाला शोधायला काही उरत नाही. याच विषयावरची कृष्णात खोत यांची 'रिंगाण' मला जास्त जवळची आहे. तिला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला. ती आकाराने लहान आहे. धरणामुळे गाव उठलं, माणसं हलली, पण मागे राहिलेल्या जनावराचं काय, एवढ्याच धाग्याला धरून ती आत आत जाते. नुकसानभरपाईच्या कोणत्याही तक्त्यात न बसणारं नुकसान तिने दाखवलं. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाईच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांचे नातू आज तापीच्या या खालच्या काठाला राहतात. त्यांनी 'रिंगाण' वाचावी. ती कोल्हापूरकडच्या बोलीत आहे म्हणून अडणार नाही. म्हशीची भाषा सगळीकडे सारखी असते.

शहराबद्दल बोलायचं तर मराठी कादंबरीचं शहर म्हणजे मुंबई, आणि शिकायला जायचं असेल तर पुणे. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा'मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना कादंबरीत आणलं. धोटा हा शब्द मुखपृष्ठावर आला, एवढ्यासाठीसुद्धा आपल्या लूमच्या शहराने त्यांचे आभार मानावेत. त्या कादंबरीतली माणसं मला जरा भाषणाला उभी राहिल्यासारखी वाटतात, तो त्या काळाचा सुधारकी उत्साह आहे. जयवंत दळवींच्या 'चक्र'मध्ये झोपडपट्टी प्रथमच इतक्या जवळून दिसली. पण तिथे भूक आणि वासना आहेत तितकं काम नाही. गरीब माणूस दिवसाचे बारा तास कामावर असतो. त्या बारा तासांत काय होतं हे सोडून उरलेल्या बारा तासांचीच कादंबरी लिहिली, तर तो माणूस अर्धाच राहतो.

भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर १९६५ साली अश्लीलतेचा गदारोळ झाला. आज ती वाचताना धक्का बसत नाही, पण कान चकित होतात. मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची बोली पाध्यांनी जशी पकडली, तशी सुरतच्या नाक्यावरची बोली कोणी पकडील का, असं वाटत राहतं. माझी तक्रार अशी की त्या कादंबरीत बाई फक्त नाक्यावरून दिसते. ती नाका ओलांडून घरी गेल्यावर काय करते, हे नाक्यावरच्या पोरांना ठाऊक नसेल, लेखकाला असायला हरकत नव्हती.

घरी गेलेल्या बाईबद्दल गौरी देशपांड्यांनी लिहिलं. 'एकेक पान गळावया', 'तेरुओ आणि कांही दूरपर्यंत' यांतल्या बायका वाद घालतात. प्रेम करतानाही वाद घालतात, स्वतःशीही घालतात. मराठी कादंबरीतली बाई इतकं बोलली नव्हती. माझ्या विद्यार्थिनींना या बायका आधी परक्या वाटतात. त्यांच्याकडे विमानाची तिकिटं असतात, परदेशातली घरं असतात आणि पैसा कुठून येतो हा प्रश्न क्वचितच उठतो. माझ्या पहिल्या प्रश्नावर गौरीबाई उत्तीर्ण होत नाहीत. पण 'मला हे नको आहे' असं वाक्य बाईने कारण न देता म्हणायचं असतं, हे त्यांच्याकडून शिकता येतं. भेस्तानच्या मुलीलाही ते वाक्य लागतंच. तिला तर जास्त लागतं.

कविता महाजनांच्या 'ब्र'मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. २००५ ची ही कादंबरी. घर सुटलेली प्रफुल्ला संस्थेच्या कामानिमित्त आदिवासी भागात फिरते, निवडून आलेल्या बायकांना, महिला सरपंचांना भेटते. ब्र काढायची नाही, असं आपल्याकडे बायकांना सांगतात. त्या एका अक्षराचं महाजनांनी शीर्षक केलं. काही समीक्षकांना ती अहवालासारखी वाटते. मला ती अहवालासारखी आहे म्हणूनच आवडते. या बायकांचं म्हणणं आजवर अहवालातच आलं, तेही दुसऱ्याच्या भाषेत. इथे त्या आपापल्या बोलीत बोलतात आणि ऐकणारी बाई हळूहळू बदलते. स्वयंसेवी संस्थांच्या आतला खोटेपणाही लेखिकेने झाकला नाही. कविता महाजन २०१८ साली गेल्या, वयाच्या पन्नाशीत. त्यांच्याकडून अजून बरंच यायचं होतं.

आता मी माझ्याच दोन प्रश्नांना अडचणीत आणणाऱ्या एका पुस्तकाबद्दल बोलते. पु. शि. रेग्यांची 'सावित्री', १९६२. लहानसं पुस्तक. सगळी पत्रं, तीही एकाच बाजूची. ज्याला ती लिहिली आहेत त्याचं उत्तर आपल्याला दिसत नाही. सावित्री काय कमावते, भाजी कितीची आणते, काही कळत नाही. तिची भाषा कोणत्याही गल्लीत ऐकू येणार नाही. माझ्या दोन्ही प्रश्नांवर ती नापास व्हायला हवी. आणि तरी ती मी दर दोनतीन वर्षांनी वाचते आणि प्रत्येक वेळी प्रसन्न होते. असं का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, रेग्यांना एक गोष्ट अगदी नेमकी ठाऊक आहे. दूर असलेल्या माणसाला लिहिता लिहिता आपण कसे घडत जातो, ही ती गोष्ट. त्या एका गोष्टीबाहेर ते जात नाहीत. म्हणजे पोट आणि जीभ हे माझे प्रश्न शेवटचे नव्हेत. त्यांच्या मागे एक मोठा प्रश्न आहे. लेखकाला एक तरी गोष्ट ऐकीव नसून नेमकी माहीत आहे का? 'धग'ला मजुरी माहीत आहे, 'बारोमास'ला शेतीचा तोटा, 'सावित्री'ला पत्र. नेमकेपणा आला की विषय लहान की मोठा हा वाद उरत नाही.

याच कसोटीवर श्याम मनोहर मला मोठे लेखक वाटतात. 'कळ' आणि 'उत्सुकतेने मी झोपलो' यांतली छोटी छोटी वाक्यं वर्गात वाचली की मुलं मोकळेपणाने हसतात. मध्यमवर्गीय माणसाला कशाचंच कुतूहल नसतं, ही एक गोष्ट मनोहरांना नेमकी कळली आहे आणि ते ती नाना बाजूंनी सांगतात. त्यांच्या कादंबरीत मला वास मात्र येत नाही. स्वयंपाकाचा, घामाचा, पावसाचा. डोकं तृप्त होतं आणि नाक उपाशी राहतं. नंदा खरे यांच्या 'उद्या'बद्दलही थोडं असंच. माणसावर पाळत ठेवणारी यंत्रं आणि कंपन्यांच्या हाती गेलेलं जगणं त्यांनी असं मांडलं की वाचून झाल्यावर हातातला मोबाइल जरा दूर ठेवावासा वाटतो. २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांनी तो नाकारला. समाजाने आपल्याला पुरेसं दिलं आहे, ही त्यांची भूमिका होती. पुरस्काराच्या गप्पांत अडकलेल्या आपल्या साहित्यविश्वात हे उदाहरण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावं असं आहे.

मित्रहो, एवढ्या कादंबऱ्यांबद्दल बोलले आणि यांत सुरत कुठेच आली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या वाचनातल्या मराठी कादंबरीत सुरत येते ती शिवचरित्रात. १६६४ साली एकदा आणि १६७० साली पुन्हा. मराठी कादंबरीने सुरत लुटली, सुरतेत संसार केला नाही. वास्तविक आपलं नातं लुटीपुरतं नाही. मराठी व्याकरणाचा पाया घालणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर याच शहरात शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा सुरू केली. म्हणजे एक मराठी आणि एक गुजराती मास्तर मिळून या शहरात जातिभेदाविरुद्ध बोलत होते. त्यानंतर खानदेशातून किती माणसं आली, किती घरं उभी राहिली, महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून किती मुलं शिकून गेली. त्यांच्यावर कादंबरी मात्र नाही.

कोणी म्हणेल, नसेना का. कादंबरीवाचून कोणाचं अडतं? मला वाटतं, अडतं. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. हळूहळू मुलं जमतात, वाडी त्याला आपला मानते आणि मग दुष्काळ येतो, माणसं वाडी सोडून जगायला निघून जातात. इथे बसलेल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांना ती शेवटची पानं समजावून सांगावी लागणार नाहीत. आपल्या शाळांचा पट दुष्काळाने कमी होत नाही. तो कमी होतो तो आईबापांच्या मनातल्या एका साध्या हिशेबाने, की मराठीत शिकून पोराला काय मिळणार? नोकरीच्या भाषेत या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि खोटं उत्तर मी देणार नाही. पण ज्या भाषेत आपल्या गल्लीचा, आपल्या खात्याचा, आपल्या आईच्या टिकल्यांचा उल्लेखसुद्धा नाही, ती भाषा मुलाने कोणत्या ओढीने धरून ठेवावी? मुंबईच्या गिरणगावाला कवी मिळाले, नाटककार मिळाले. त्यामुळे गिरण्या वाचल्या नाहीत, हे खरं. पण त्या माणसांच्या नातवंडांना आपण कोण होतो हे विचारायला जागा राहिली.

एका गुजराती कादंबरीचं नाव घेते. जोसेफ मेकवान यांची 'आंगळियात', १९८६. तिला १९८९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चरोतरातल्या विणकर समाजाची, हातमागावर कापड विणणाऱ्या आणि गावोगाव विकणाऱ्या दलितांची ही कादंबरी आहे आणि ती तिथल्या बोलीत आहे. आपल्यापैकी सगळेच गुजराती वाचू शकतात, तेव्हा अनुवादाची वाट पाहू नका. शीर्षकाचा अर्थ असा की बाई दुसऱ्या घरी नांदायला जाते तेव्हा आधीच्या घरातलं जे मूल तिचं आंगळ, म्हणजे बोट, धरून बरोबर जातं ते आंगळियात. ही कादंबरी वाचताना मला राहून राहून वाटलं की सुरतेतली मराठी ही अशीच आहे. पोटासाठी आई नव्या घरी आली आणि ही तिचं बोट धरून आली. नव्या घराने तिला हाकललं नाही. जुन्या घराने मात्र तिची चौकशी केली नाही.

तेव्हा तक्रार कोणाकडे करायची? पुण्यामुंबईच्या लेखकाने इथे येऊन आपल्यावर लिहावं, असं मला वाटत नाही. तो आठ दिवस राहील, लूमच्या आवाजाचं वर्णन करील आणि जाईल. लूमचा आवाज पाहुण्यालाच ऐकू येतो. जो रोज त्यात काम करतो त्याला बंद पडलेल्या लूमची शांतता ऐकू येते. ही कादंबरी इथलाच कोणीतरी लिहील. तिची मराठी कशी असेल? मला वाटतं, ती शुद्ध ठेवायच्या भानगडीत पडू नये. आजी 'कथा चालना रे भो' म्हणेल, शेठ गुजरातीत हिशेब करील, शेजारच्या लूमवरचा ओडिया कारागीर मोडक्या हिंदीत बिडी मागील आणि सांगणारा हे सगळं मराठीत सांगेल. शेळक्यांनी वऱ्हाडीला जागा दिली, महाजनांनी आदिवासी बायकांच्या बोलींना दिली. वाट आधीच पडलेली आहे.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच की लगेच कादंबरी लिहायला बसू नका. आधी एका दिवसाचा हिशेब लिहा. वडील पाळीवर किती वाजता गेले, डब्यात काय होतं, किती मीटर उतरलं, धागा किती वेळा तुटला, मुकादम काय म्हणाला आणि घरी आल्यावर ते पहिलं वाक्य कोणत्या भाषेत बोलले. विशेषणं नकोत. शिक्षकांना विनंती अशी की निबंधाच्या वहीत 'माझा आवडता ऋतू'च्या जोडीला हाही एक विषय द्या. आणि अकादमीला विनंती अशी की या वार्षिकात आम्हा प्राध्यापकांच्या लेखांतली चार पानं कमी करून ती अशा लिखाणाला द्यावीत. त्यासाठी माझी पानं आधी कापली तरी माझी हरकत नाही.

मी दिलेली मतं तुम्ही मान्य करावीत असा आग्रह नाही. 'हिंदू' कोणाला 'कोसला'हून मोठी वाटत असेल, 'वासूनाका'वरची माझी तक्रार कोणाला चुकीची वाटत असेल, तर चहाच्या वेळी जरूर भांडा. फक्त भांडायला येताना पुस्तक वाचून या आणि कारण घेऊन या.